नामदेवभाऊंना नवी मोटर का हवी होती

दुसऱ्याच झटक्याला मोटर चालू झाली आणि नामदेवभाऊंचं तोंड उतरलं.

"चालू झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली ना. काहून? नव्हती व्हायला पाहिजे का?"

"तसं नाही गा मिस्त्री. पण जुनी झाली आता ते. एखादी नवीन पाहून द्या."

मी थ्रॉटल पिळून दाखवला. ड्रममधलं पाणी उसळून अंगणात सांडलं. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाजूच्या भोकातून बरोबर पडत होती. चौदा वर्षांपासून ही मोटर माझ्या हाताखालून जात होती, पण आवाज कसा एकसारखा. "हिले काय झालं? अजून दहा वर्षं पाहाचं काम नाही," मी म्हणालो. माझ्या बोलण्यात चांगलाच तोरा होता, हे आज कबूल करतो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आउटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं इंजिन. वर डोकं, मध्ये दांडा, खाली पाण्यात पंखा. दोन स्क्रू सैल केले की आख्खी मोटर हातात येते. पाण्याशिवाय चालवली तर तापून कामातून जाते, म्हणून टेस्टिंगसाठी आम्ही अर्धा कापलेला ड्रम पाण्यानं भरून ठेवतो. लहान मोटरला चावी नसते. डोक्यावर दोरी असते, ती जोरात ओढायची.

नागपुरात राहून बोटीच्या मोटरी दुरुस्त करतो म्हटलं की लोक हसतात. माझे व्याही अजून विचारतात, "पाणी कुठं आहे तुमचं?" पाणी आहे. तलाव आहेत, कन्हान नदी आहे, कुहीच्या पुढे वैनगंगेचं बॅकवॉटर पसरलं आहे. पुराच्या वेळी निघणाऱ्या सरकारी रबरी बोटी आहेत आणि ढिवर मच्छीमारांचे लाकडी डोंगे आहेत. मी आयुष्यभर डिझेल पंप खोलले, पण हुडकेश्वरच्या माझ्या शेडमध्ये मनापासून काम केलं ते या मोटरींचं. आता शेड भाड्यानं दिली आहे. तिथं कुणीतरी फ्लेक्स छापतो. तिथून जाताना अजूनही टू-स्ट्रोकच्या धुराचा वास येतो असं वाटतं. बायको म्हणते, वास तुमच्या नाकातच बसला आहे.

नामदेवभाऊंची मोटर मीच निवडलेली. आठ हॉर्सपॉवर, सेकंडहँड, कोकणातल्या एका मच्छीमाराकडून आलेली. समुद्रावरची असल्यामुळे लांब दांड्याची होती. पंखा फार खोल जाऊ नये म्हणून डोंग्याच्या मागच्या फळीवर मी सागाची पाच इंचाची आणखी एक फळी मारून दिली होती. वैनगंगेकाठच्या त्यांच्या गावातली ती पहिली मोटर. ज्या दिवशी ती पाण्यात उतरली त्या दिवशी सगळं गाव काठावर आलं होतं. नामदेवभाऊंच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, मोटरला हळदीकुंकू लावलं आणि मग माझ्याही कपाळाला लावलं. नामदेवभाऊ एकटेच मोठ्या पाण्यात गेले, एक चक्कर मारली आणि परत येताना उभे राहून हात हलवत होते. मी ओरडून सांगत होतो, बसा भाऊ, बसा. त्यांना ऐकू येत नव्हतं. तेव्हा मी काही फार कमवत नव्हतो, पण त्या दिवसासारखा आनंद पुढे कमावता असतानाही फारसा झाला नाही.

तर अशी ही मोटर, आणि नामदेवभाऊ तिला काढून टाका म्हणत होते.

बरं, दोन वर्षांत ती चार वेळा माझ्याकडे आली होती. प्रत्येक वेळी एकच तक्रार. प्लग काळे. टू-स्ट्रोक मोटरमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. मोटर जोरात चालली तर ऑइल नीट जळतं. ऑइल जास्त झालं की अर्धवट जळतं, त्याची काजळी प्लगवर बसते आणि ठिणगी पडत नाही. मी दर वेळी नामदेवभाऊंना झापायचो.

"ऑइल जास्त टाकून राहिले तुम्ही. मोटरले तूप पाजू नका, भाऊ."

"नाही टाकत."

"मग काय प्लग आपल्या मनानं काळे होतात?"

यावर ते मान खाली घालायचे. तिसऱ्या वेळी मी माप दिलं, खुणा करून दिल्या. चौथ्या वेळी ते माप माझ्यासमोर भरून दाखवलं, अगदी बरोबर भरलं. प्लग तरी काळेच. मला ते कोडं सुटलं नव्हतं आणि मान्यही करायचं नव्हतं. प्लग साफ केले, कार्बोरेटर खोलून धुतला आणि त्या दिवशी दोरी ओढून मोटर चालू करून दाखवली.

त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा गजानन वर्कशॉपमध्ये आला. बुटीबोरीला कंपनीत आहे, हुडकेश्वरलाच भाड्यानं राहतो. पोरगा सरळ. मिसरूड फुटायच्या वयात मोटर खांद्यावर घेऊन माझ्या वर्कशॉपपर्यंत आणायचा, मला आठवतो.

"काका, एक काम करा. बाबाले सांगा मोटर कंडम झाली."

"झाली नाही ना पण."

"माहीत आहे. पण तुमचं ऐकते तो. मोटर गेली म्हणा, नवीन या डोंग्यावर बसत नाही म्हणा. माह्या सोसायटीत वॉचमनची जागा आहे. खुर्ची आहे, पंखा आहे. आई-बाबा दोघंही इथं राहतील. त्या पाण्यात एकटा जाते तो, काका. मले इथं झोप येत नाही."

बापाला मोटर कंडम हवी होती नवीन घ्यायला, मुलाला कंडम हवी होती डोंगा विकायला, आणि मी एकटा छाती काढून सांगत होतो की मोटर उत्तम आहे. मी गजाननला म्हणालो, खोटं सर्टिफिकेट मी देत नाही. तो उठून गेला. चहा तसाच ठेवला.

यात माझा स्वभावही आड आला. आम्ही मूळचे उमरेडचे कोष्टी. वडील हातमागावर लुगडी विणायचे. तुटलेला धागा फेकायचा नाही, सांधायचा, हे मी चालायला शिकण्याआधी पाहिलं असेल. कुठलंही यंत्र टाकून द्यायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. लोक नवीन घ्यायला यायचे आणि मी त्यांना जुनंच दुरुस्त करून परत पाठवायचो. धंद्यात याला शहाणपण म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊंचा फोन आला. मासळीच्या गाडीतून मोटर घेऊन गेले होते, पण हेका सोडला नव्हता.

"मिस्त्री, ते सेल्फवाली येते का? बटन दाबलं की चालू?"

मी हसलो. "काहून भाऊ, कार घेऊन राहिले का?"

ते हसले नाहीत. मी आपला समजावत बसलो. सेल्फवाली मोटर जड असते, वर बॅटरीचं ओझं. आणि तुमच्याकडची रीत काय? मोटर रात्री डोंग्यावर ठेवत नाही कुणी. चोरीला जाते, म्हणून रोज संध्याकाळी काढून घरी न्यायची, धानाच्या कोठीजवळ ठेवायची, सकाळी परत आणायची. जड मोटर रोज कोण उचलेल?

"हो," ते म्हणाले. "ते बी आहेच." आणि फोन ठेवला.

त्या "हो"मध्ये काहीतरी होतं. रात्री जेवताना मला राहून राहून आठवत होतं. शेवटी ठरवलं, मोटर निवडायची तर बोट पाहिल्याशिवाय निवडायची नाही, हा धंद्याचा पहिला नियम. फळीची उंची मोजायची, डोंग्याचं वजन, त्यात बसणारी माणसं, पाणी कसं आहे, सगळं पाहायचं. चौदा वर्षांत मी पुन्हा त्या काठावर गेलो नव्हतो. टेप घेतला आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो.

गाव तेच होतं. काठ मात्र वर सरकला होता. पाण्यात वाळलेली झाडं उभी होती, धरण भरलं तेव्हा बुडालेली. त्यांच्या बुंध्यांना अडकून पंखे तुटतात, त्यामुळे तिथली माणसं पाणी डोळ्यांनी चाळत डोंगा हाकतात. नामदेवभाऊ आणि पार्वताबाई मोटर घेऊन येताना दिसले. खांद्यावर नाही. बांबूला बांधून, दोघांनी दोन टोकं धरून. बांबू नामदेवभाऊंच्या डाव्या खांद्यावर होता.

मोटर चढवली. मग पार्वताबाईंनी पदर खोचला, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि दोरी ओढली. चार-पाच झटके दिले. सहाव्याला चालू झाली. नामदेवभाऊ आत बसून नुसता सुकाणूचा दांडा धरून होते.

"वहिनी, तुम्ही चालू करता?" मी विचारलं.

"मंग? हे साहेब बसतात अन् मी हमाली करतो," त्या म्हणाल्या आणि आदल्या दिवशीच्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघाल्या. मला वाटलं, थट्टा. नवराबायकोची रीत असेल.

आम्ही जाळ्यांकडे निघालो. दोन-तीन किलोमीटर असेल. ऊन कोवळं होतं. जाळ्याच्या पहिल्या तरंगत्या थर्माकोलपाशी आल्यावर नामदेवभाऊंनी गिअर न्यूट्रलला टाकला आणि जाळं ओढायला लागले. मोटर तशीच सुरू. टपटप, टपटप, धूर सोडत. मी वाट पाहिली, आता बंद करतील, मग बंद करतील. रोहू निघाले, दोन कतला निघाले, वीस मिनिटं झाली. मोटर चालूच.

"भाऊ, बंद करा ना. फुकटचं पेट्रोल जळून राहिलं."

"राहू द्या."

"अहो, उभ्या उभ्या चालवता म्हणूनच तर..." आणि इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. मोटर तासभर अशी संथ चालली तर ऑइल नीट जळणारच नाही. काजळी बसणारच. प्लगचं दोन वर्षांचं कोडं सुटलं होतं. मला इतका आनंद झाला की पुढचा विचार न करता हात लांब करून मी स्टॉपचं बटन दाबलं.

"अरे, अरे!" नामदेवभाऊ ओरडले. पण मोटर बंद झाली होती.

"ऑइलचा दोष नव्हता! तुम्ही बंदच करत नाही, म्हणून प्लग काळे होतात," मी म्हणालो. "आता करा चालू. गरम मोटर आहे, एका झटक्यात होईल."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग वळले, डाव्या हातानं दोरी धरली आणि ओढली. दोरी अर्धीच आली. पुन्हा ओढली. पुन्हा अर्धी. वारा सुटला होता, डोंगा जाळ्यावरून हळूहळू वाळलेल्या झाडांकडे सरकत होता. त्यांनी उजवा हात वर नेला. खांद्याच्या वर तो गेलाच नाही. तरी दोरी धरली, अंगाचा भार टाकून ओढली आणि "आई गं" म्हणून खालीच बसले. घामानं कपाळ भरून गेलं.

मी उठलो, दोरी ओढली. मोटर चालू झाली. डोंगा झाडांपासून बाजूला घेतला.

झाडं मागे पडली. मग नामदेवभाऊंनीच सुरुवात केली.

"दोन वर्षं झाले. गजानन नागपूरले गेला अन् मोटर मी उचलाले लागलो. एक दिवस काठावर घसरलो, मोटर अंगावर. तवापासून हात वर नाही जात."

"डॉक्टर?"

"दाखवलं एकदा. त्यानं सांगितलं, एक्सरेचा फोटो काढा, जड काम बंद करा. मंग नाही गेलो पुन्हा."

"आणि पाण्यात बंद पडली तर?"

"पडली होती एकदा. दुपारपर्यंत वाहत गेलो. दुसऱ्याच्या डोंग्यानं ओढून आणलं. पेट्रोल सरलं म्हणून सांगितलं मी." ते थांबले. "मिस्त्री, गजाननले नका सांगू. त्याले कळलं तं डोंगा उद्याच विकते तो. मी त्या खुर्चीवर बसून मरीन. पाहाले काय आहे तिथं? गाड्या आत, गाड्या बाहेर."

मला लाज वाटली. साधी लाज. चार वेळा मोटर टेबलावर घेतली, चारही वेळा या माणसाला झापलं आणि त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. परत येताना एसटीत मला वडील आठवत होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा मिस्त्री यायचा, धोट्याला तेल द्यायचा, दोऱ्या बदलायचा. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणाऱ्या वडिलांची कंबर कुणी पाहिली नाही. मीही नाही पाहिली. ते उठताना मागाला धरून उठायचे आणि आम्ही पोरं त्यांची नक्कल करून हसायचो.

आता मोटर खरंच निवडायची होती. आणि पहिल्यांदाच मला माहीत होतं की कशासाठी.

नामदेवभाऊ आणि पार्वताबाई, दोघांना नागपूरला बोलावून घेतलं आणि एका डीलरकडे नेलं. सेल्समन चटपटीत होता. त्यानं थेट मोठ्या मोटरीवर हात ठेवला.

"अंकल, ये देखो. नाइन पॉइंट नाइन, सेल्फ स्टार्ट. गाँव में किसी के पास नहीं होगी."

नामदेवभाऊंचे डोळे चमकले. पार्वताबाई खाली वाकल्या, मोटरचं एक टोक धरून उचलून पाहिलं आणि सोडून दिलं.

"वजन किती वं याचं, बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"फॉर्टी प्लस, आंटी. बॅटरी अलग."

"मंग बॅटरी अन् हे कोण उचलन? तू येशीन का रोज?"

सेल्समननं मोठ्या मोटरीवरचा हात काढून घेतला. मी त्याला म्हणालो, लहान मोटरी स्टँडवर लाव, आणि सेफ्टीची दोरी काढून ठेव, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसती दोरी ओढून पाहता येईल. नामदेवभाऊंना म्हणालो, डाव्या हातानं ओढा. एकेक.

पहिली ओढली. अर्ध्यात अडकली. दुसरी थोडी पुढे आली. तिसरी, पाच हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक, सर्रकन पूर्ण आली. नामदेवभाऊंनी दोरीकडे पाहिलं, पुन्हा ओढली. पुन्हा पूर्ण. त्याचं कारण सांगतो. दोरी ओढताना जड लागतं ते इंजिनमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेमुळे. या मोटरीत सुरू होताना एक व्हॉल्व्ह जरासा उघडा राहतो, थोडी हवा निसटते, म्हणून दोरी हलकी. एकदा इंजिन फिरलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद. वजन जुन्या मोटरीइतकंच. आणि फोर-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं कामच नाही.

"हेच घ्या," मी म्हणालो.

"पाच?" नामदेवभाऊ म्हणाले. "पाच हॉर्सपॉवर? मिस्त्री, आता गावात पंधरा-पंधराच्या आल्या. आठवरून पाचवर येऊ? लोक हसतील ना गा."

हा प्रश्न सोपा नव्हता. गावातली पहिली मोटर त्यांची. मी कागद मागितला आणि डोंगा काढला. तुमचा डोंगा पाण्यावर उडत नाही, पाणी फाडत जातो. अशा बोटीची चाल तिच्या लांबीवर ठरते. अठरा फुटी डोंग्याची चाल ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. आठ लावा की पंधरा, तो त्याच्या पुढे फारसा जात नाही, फक्त मागचं पाणी उंच उठतं आणि पेट्रोल जास्त जळतं. मोकळ्या पाण्यात पाच पुरते. उलट्या वाऱ्यात थोडी कमी पडेल, ते मी लपवलं नाही.

"म्हणजे चौदा वर्षं ते वरची तीन हॉर्सपॉवर..."

"फक्त आवाज," मी म्हणालो.

पार्वताबाई खळखळून हसल्या. "आवाज यांच्यात बी लय आहे. घ्या पाच."

मोटर आखूड दांड्याची घेतली. लांब दांड्याचीही मिळत होती. पण आखूड घेतली तर मी चौदा वर्षांपूर्वी मारलेली सागाची फळी निघाली असती आणि मोटर चढवताना पाच इंच कमी उचलावी लागली असती. त्या खांद्याला पाच इंच म्हणजे खूप होते. निघताना मी दोन अटी घातल्या. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. आणि गजाननला मी सांगणार नाही, पण तुम्ही सांगायचं.

"आणि नाही सांगितलं तं?"

"तर मी मोटर फिट करायला येत नाही."

मोटर फिट करायला मी रविवारी गेलो तर गजानन काठावर उभा होता. बापानं फोन करून बोलावून घेतलं होतं, पण कशाला ते सांगितलं नव्हतं. फळीचे स्क्रू गंजले होते. ते काढता काढता मागचं सगळं ऐकू येत होतं.

"माहा खांदा गेला, गजू. दोन वर्षं झाले."

गजाननने बापाच्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काहून नाही सांगितलं?"

"तू डोंगा विकला असता."

"विकला असता," गजानन म्हणाला. खोटं बोलला नाही. "अन् आता काहून सांगून राहिला?"

"या मिस्त्रीनं अडवून धरलं." नामदेवभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तू बस आत. पाहून घे. मंग जे म्हणशीन ते."

फळी निघाली. तिच्या खाली माझ्या पेन्सिलच्या रेघा तशाच होत्या. नवी मोटर बसवली आणि तिघं डोंग्यात बसलो. काठावर पाच-सहा जण जमले होते. कुणीतरी ओरडलं, "नामदेव, हे मोटर आहे का मिक्सर?" नामदेवभाऊंनी लक्ष दिलं नाही. जॅकेटचा पट्टा लावला, मागे वळले, डाव्या हातानं दोरी धरली आणि ओढली. मोटर चालू झाली. आवाज इतका कमी की मी खात्री करायला पाण्याची धार पाहिली.

मोठ्या पाण्यात आलो. गजानन बापाच्या हाताकडेच बघत होता. अर्ध्यावर आल्यावर मोटर एकदम थांबली.

गजानन ताडकन उठला. "काय झालं? बंद पडली?"

"बंद पडली नाही," नामदेवभाऊ म्हणाले. "बंद केली."

डोंगा स्वतःच्या जोरावर थोडा पुढे गेला आणि थांबला. फळीला पाणी लागत होतं, त्याचा आवाज येत होता. लांब कुठंतरी पाणकावळे ओरडत होते. काठावरची माणसं काय बोलतात तेही ऐकू येत होतं. नामदेवभाऊ हात मांडीवर ठेवून बसले होते.

"रोज येतो इथं," ते म्हणाले. "पण दोन वर्षं झाले, कानात नुसती मोटर. पाणी नाही ऐकलं."

गजाननचे डोळे भरले होते आणि ते लपवायला तो उगाच जाळ्याच्या थर्माकोलकडे पाहत होता. माझेही भरले होते, पण मी वयानं मोठा असल्यामुळे चष्मा पुसला. मग नामदेवभाऊंनी दोरी ओढली, एकाच झटक्यात मोटर चालू झाली आणि आम्ही परत आलो. काठावर गजाननने मोटर काढून खांद्यावर घेतली आणि घरी नेली. खुर्चीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं बापाला दवाखान्यात नेलं, फोटो काढला, आणि वॉचमनची जागा दुसऱ्याला दिली गेली.

नामदेवभाऊ अजून जातात. खांदा अर्धा बरा झाला आहे, अर्धा व्हायचा नाही. उलट्या वाऱ्यात उशीर होतो, तसं मी सांगितलंच होतं.

हा धडा मला वर्कशॉपच्या शेवटच्या काळात मिळाला. प्लग काळा का होतो हे पुस्तकात असतं. मोटर बंद का करत नाहीत, हे पुस्तकात नसतं. म्हणून शेड भाड्यानं देईपर्यंत कुणीही मोटर घेऊन आलं की मी दोरीला हात लावत नव्हतो. बाजूला उभा राहायचो आणि म्हणायचो, "ओढा भाऊ, मी पाहतो."